कादरचाचांचं चिलट

कादरचाचा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी काउंटरवरचा कागद वाकवून पाहिला, उजेडात धरला, नखानं त्याचा कोपरा सोलून पाहिला आणि शेवटी कानाजवळ नेऊन हलवला. अमरावतीत बडनेरा रोडला माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फलक, पोरांच्या कॉलेजचे प्रोजेक्ट, असलं काम. कागद कानाला लावणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

"काय ऐकून राहिले चाचा?" मी विचारलं.

"आवाज. लय नरम असला तं फडफडते, लय कडक असला तं घडीवर तडकते. मले मधला पाह्यजे."

मधला कागद सापडायला अर्धी दुपार गेली. मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. त्यात विमानाचे तुकडे होते. पंख, शेपूट, नाकाचा निमुळता भाग, सगळं उलगडून सपाट मांडलेलं, शिंप्यानं कापडावर खडूनं बेतावं तसं. कापायचं, वळवायचं, चिकटवायचं, की त्याचं विमान उभं राहतं. भाच्यानं इंटरनेटवरून उतरवून दिलेला हा नकाशा चाचांनी स्वतः बसून दुरुस्त करवून घेतला होता, कारण मूळ नकाशा करणाऱ्यानं विमान फक्त फोटोत पाहिलेलं असावं, असं त्यांचं मत होतं. मी छापून दिलं. दुसऱ्या दिवशी ते सगळे कागद घेऊन परत हजर.

"छोटं झालं हे."

मशीननं आपल्या मनानं चित्र कागदावर मावेल इतकं आवळलं होतं. मी म्हटलं, "चाचा, केसाएवढा तर फरक आहे."

"विमान आहे बाप्पा. पत्रिका असती तं चाललं असतं."

पत्रिका हाच माझा मुख्य धंदा असल्यानं ते मला थोडं लागलं. पण मी मुकाट्यानं पुन्हा छापून दिलं. त्यांनी माझ्यासमोर स्टीलच्या पट्टीनं पंख मोजला, मान हलवली, आणि निघण्याआधी काउंटरवर ठेवलेल्या आपल्या एकेका वस्तूला बोट लावलं. चष्मा, पट्टी, पेन, किल्ली. मगच त्या खिशात गेल्या. पुढं ते दर आठवड्याला यायला लागले आणि दर वेळी जाताना हेच करायचे. मला वाटलं, वयाचा परिणाम असेल.

शेख कादर मूळचे तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचे. घरची थोडी शेती होती, ती भाऊ पाहायचा. हे तरुणपणीच हवाई दलात गेले आणि विमानाचे फिटर झाले. निवृत्तीनंतर अमरावतीत घर बांधलं. मोहल्ल्यातले लोक त्यांना 'फौजी' म्हणत आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्त करत, "फौजी पायदळात. मी हवाई दलात." लोक हो म्हणत आणि पुढच्या वेळी पुन्हा फौजी म्हणत. इतकी वर्षं झाली, दोन्ही बाजूंपैकी एकीनंही माघार घेतली नव्हती. उंचीनं बेताचे, अंगानं सडसडीत, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. वय पंचाहत्तरीच्या जवळ, पण हात असे स्थिर की ब्लेडनं कागदाची गोल किनार कापताना पाहणाऱ्यानं श्वास धरावा आणि त्यांनी मात्र भाजीच्या भावाबद्दल बोलत राहावं.

ते बनवत होते ते लढाऊ विमान होतं, नॅट. जगातल्या लढाऊ विमानांत अगदीच लहान. एकाहत्तरच्या लढाईत सीमेजवळच्या एका तळावर चाचा त्याच विमानांवर कामाला होते. इंग्रजीत त्या नावाचा अर्थ चिलट होतो, हे कळल्यापासून ते त्याला चिलटच म्हणत. "मोठ्या विमानाले शिडी लावा लागे. आमचं चिलट एवढं बुटकं का पायलट जवळपास तसाच चढून बसे." हे ते अशा आपुलकीनं सांगत, जणू गावातल्या एखाद्या ठेंगण्या पण पेचात तरबेज पैलवानाची गोष्ट चालली आहे.

आता या वयात, कागदाचं, आणि तेही पाऊण मीटर लांब विमान कशासाठी, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. जाड कागदाचा एक गठ्ठा पोचवायला मी गेलो होतो. दार मेहरूनचाचींनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी पाहिलं. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली होती. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. डॉक्टरकडे गेले तोवर फार उशीर झाला होता.

"छपाईवाले ना? कागदाचा वास आला," त्या म्हणाल्या. "या. तुमच्या चाचाचं जहाज आतल्या खोलीत आहे. गोंद ओला आहे अजून, हात नका लावू."

विमानाला त्या जहाजच म्हणत. दोघं एकमेकांशी उर्दूत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि वाद सुरू झाला की कोणती भाषा चालू आहे ते त्यांनाही ठाऊक नसे. चाचींना बोलायला आवडे. चहा देता देता त्यांनीच सगळं सांगितलं.

"लग्न झाल्यापासून हा मानूस त्या जहाजाच्या गोष्टी सांगून राहिला. मी ऐकून राहिली. पन मले समजलंच नाही का हा नेमका करत काय होता. डोळे होते तवा एक फोटो दाखवला. फोटोत सगळा हाच उभा. मागं जहाजाचं शेपूट तेवढं दिसे."

"फोटो काढायची परवानगीच नव्हती," चाचा आतून म्हणाले.

"मग तुमचा कसा काढला?"

आतून ब्लेडची करकर पुन्हा सुरू झाली.

डोळे गेल्यावर एक दिवस चाची सहज म्हणाल्या होत्या की आता ते जहाज पाहायचं राहूनच गेलं. त्यांनी ते म्हटलं आणि विसरून गेल्या. चाचा विसरले नाहीत. त्यांनी ठरवलं की मेहरूनच्या हातांना दिसेल असं विमान करायचं.

त्यामुळे हे मॉडेल शोकेसमध्ये ठेवायच्या मॉडेलसारखं नव्हतं. रंगाकडे त्यांनी फारसं लक्षच दिलं नाही, पांढऱ्या कागदाचं तसंच ठेवलं. सगळी मेहनत स्पर्शावर. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, ओळी असतात. चाचा कागदाचा तुकडा उलटा करून चादरीच्या घडीवर ठेवत आणि बोथट सुईनं मागून एकेक टिंब दाबत. सरळ केला की वर बारीक उंचवट्यांची रांग उठे. सुई जरा जास्त दाबली की भोक पडे आणि तुकडा वाया. मग तो पुन्हा छापायला माझ्याकडे. पायलट बसतो त्या जागेवरचं झाकण मागच्या बाजूनं बिजागरीवर उघडायला हवं, चाकं आत जायला हवीत, शेपटीचे पंख हलायला हवेत. कागद एका दिशेनं सहज वळतो, दुसऱ्या दिशेनं वळवला तर मोडतो. "कागदालेबी नस असते," ते म्हणत, आणि प्रत्येक तुकडा ती नस पाहून कापत.

चाचांचा एक नियम होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. हवाई दलात एकानं केलेलं काम दुसरा तपासतो, त्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. घरात दुसरं माणूस एकच होतं. त्यामुळे प्रत्येक भाग तयार झाला की चाचींपुढे जाई. सुरुवातीला चाचींनी हा नियम गंमतीनं घेतला असावा. पण एका दुपारी मी तिथं असताना जे घडलं त्यात गंमत नव्हती.

धडाच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं असतात. दोन्ही बाजू जोडून झाल्या होत्या आणि त्या जोडायला चाचांचे बरेच दिवस गेले होते. चाचींनी डाव्या बाजूवरून बोटं फिरवली, मग उजव्या. पुन्हा डाव्या.

"हे बराबर नाही."

"काय बराबर नाही?"

"इकडची लाइन खाली उतरते. तिकडची सीधी चालली."

"तसं नाही मेहरून. तुझं बोट तिरपं पडून राहिलं."

"माझं बोट तिरपं नाही. तुमची सुई तिरपी पडली."

चाचा हसले. मग चष्मा बदलला. खिडकीजवळ गेले. पट्टी लावली. खिळ्यांची उजवी रांग मधूनच थोडी ढळली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, मला तर पट्टी लावूनही दिसेना. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या. कोणाला समजणार आहे?"

"जिच्यासाठी करून राहिलो तिलेच समजलं ना," ते म्हणाले, आणि त्यांनी ब्लेड घेऊन ती बाजू अलगद कापून काढली. चाचींना आवाजावरून कळलं.

"पूर्ण काढली का?"

"पूर्ण."

"अरे, थोडी तं होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. चाचांना मात्र अजिबात वाटलं नव्हतं. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पाह्यलं? असा इन्स्पेक्टर मले नोकरीतबी भेटला नाही."

वस्तूंना बोट लावायच्या सवयीचंही मी त्याच सुमारास विचारलं. त्यांनी लढाईतली एक सकाळ सांगितली. विमानं निघायच्या तयारीत होती. काम संपल्यावर अवजारं पेटीत मोजून ठेवायची असतात. चाचांच्या पेटीत एक छोटा पाना कमी भरला. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि घाई अशी की कोणी विचारणारही नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. ते विमान थांबवलं गेलं, बाकीची उडाली. साहेब सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. लढाई चालू असताना एका पान्यासाठी विमान जमिनीवर. सगळ्यांनी मिळून शोधलं तेव्हा पाना सापडला, शेपटीचे पंख हलवणाऱ्या दांड्याच्या अगदी बुडाशी अडकलेला.

"उडालं असतं तं?" मी विचारलं.

"उडालं असतं. उतरलं असतं का नाही, सांगता येत नाही."

शिक्षा झाली. कित्येक रात्री पहारा करावा लागला. पण त्या विमानाचा पायलट पुढं प्रत्येक वेळी बसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, कादरनं पाहिलं का. चाचांनी हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते, हातातल्या कागदाकडे पाहत होते. मला वाटतं, त्यांना मिळालेलं हे एकच पदक असावं, आणि ते भिंतीवर टांगता येत नव्हतं.

मे महिना आला आणि नवीच अडचण उभी राहिली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घरात बसता येत नाही, आणि कूलरची ओली हवा कागदाला चालत नाही. एका सकाळी चाचांनी पाहिलं तर दोन्ही पंख पावसात भिजलेल्या कावळ्यासारखे लोंबले होते. त्यांनी आत बारीक काड्यांचा आधार देऊन पंख पुन्हा उभे केले आणि त्या खोलीतला कूलर बंद करून टाकला. भर दुपारी, दारंखिडक्या लावून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून ते काम करत. चाची बाहेरच्या खोलीत कूलरपुढे बसून ओरडत, "जहाज वाचवता वाचवता तुमी मरान." ते म्हणत, "हो, हो."

आणि एका दुपारी बाहेरून ओरडल्यावर आतून 'हो, हो' आलं नाही.

चाची चाचपडत आत गेल्या. चाचा जमिनीवर पडले होते. चाचींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग ओरडत दारात आल्या. शेजारचे धावले, मला फोन आला, आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. सलाईन लावलेले चाचा शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा म्हणाले, "ब्लेड जमिनीवर तं नाही ना? मेहरूनच्या पायाले लागन."

अकोल्याहून त्यांची मुलगी शबाना आली. ती तिथं शाळेत शिकवते. बापावर जीव असलेली आणि म्हणूनच भयंकर चिडलेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "तुम्ही कागद देत होता ना त्यांना?" मी मान खाली घातली. तिनं ठरवूनच टाकलं होतं. दोघांना अकोल्याला न्यायचं, अमरावतीचं घर भाड्यानं द्यायचं, आणि हा कागदाचा उद्योग इथंच संपवायचा. तिचं चुकत नव्हतं. आंधळी आई आणि बेशुद्ध पडणारा बाप अशा दोघांना एकटं कोण ठेवेल?

आत जाऊन तिनं तेच चाचांना सांगितलं. आयुष्यभर वरिष्ठांचं ऐकलेला माणूस, ते मुलीपुढेही तसेच पडून राहिले. बोलल्या चाची.

"शबाना, मी येते. पन जहाज येईल तं मी येईन."

"अम्मी, ते कागद आहे."

"तुले कागद आहे. मी त्याच्या अंगावरची प्रत्येक लाइन पास केली. आता पुरं नाही झालं तं मी काहून बसली होती इतके दिवस?"

शबानानं मला विचारलं, "न्यायचं कसं ते?"

घरचं सामान ट्रकनं गेलं. विमान ट्रकमध्ये घालायला चाचांनी साफ नकार दिला. पंख आणि शेपूट वेगळं करून, धड कापसात लपेटून, मी पत्रिकांच्या कागदाची मोठी खोकी जोडून एक पेटी केली. बडनेऱ्याहून रेल्वेनं जायचं ठरलं, कारण रस्त्याचे खड्डे चाचांना पाठ होते. मीही बरोबर गेलो. दोघं समोरासमोर बसले, मध्ये पेटी, दोघांच्याही मांडीवर अर्धी अर्धी. मूर्तिजापूरपर्यंत दोघांपैकी कोणी पाय हलवला नाही. एका प्रवाशानं आत काय आहे विचारलं. चाचा म्हणाले, "विमान." तो माणूस जरा सरकून बसला.

अकोल्यात शबानानं त्यांना मागची खोली दिली, भिंती जाड, कूलरशिवायही बरी. पंख बसले, शेपूट बसलं, चाकं लागली. ज्या दिवशी पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पलंगावर स्वच्छ चादर, तिच्यावर ते पांढरं विमान. चाची हात धुऊन आल्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी धुऊन आल्या.

त्यांनी नाकापासून सुरुवात केली. सावकाश, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी एकदम. हवेच्या तोंडांपाशी थांबल्या, खिळ्यांची रांग तपासली, पुढं गेल्या. पंखांच्या टोकांपर्यंत हात पसरले. झाकण उघडलं, बंद केलं. शेपटीपर्यंत पोचून परत आल्या. आतापर्यंत त्यांनी सगळे तुकडे हाताळले होते, पण पूर्ण विमान पहिल्यांदाच.

"इतकंसंच होतं? यात मानूस मावे?"

"मावे. आखडून बसे."

"अन् तुमी कुठं उभे राहत होते?"

चाचांनी खिशातून कागदाचा एक छोटा माणूस काढला. त्याच मापानं केलेला. तो त्यांनी विमानाच्या डाव्या बाजूला, पायलटच्या जागेजवळ उभा केला आणि चाचींचं बोट धरून तिथं नेलं. त्यांनी कागदी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"हे तुमी?"

"मी. पायलटले पट्टे बांधून द्यायचे, झाकन लावायचं, मंग मागं सरकून हात वर करायचा. का समदं बराबर आहे, जा."

चाचींचं बोट कागदी माणसाच्या पोटापाशी परत आलं. मग म्हणाल्या, "पोट जास्त केलं. तवा नव्हतं इतकं." आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले. शबाना आधीच खोलीबाहेर गेली होती.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. मध्यंतरी कागदाच्या कामानं अकोल्याला गेलो तेव्हा दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. मागच्या खोलीत पाच-सहा मुली बसल्या होत्या. शबानाची एक मैत्रीण अंध मुलींच्या शाळेत शिकवते, ती त्यांना घेऊन आली होती आणि म्हणे ही पहिली वेळ नव्हती. विमान टेबलावर होतं. पांढरा कागद हातांनी मळून पिवळट झाला होता, एका पंखाचं टोक दुमडलं होतं, झाकणाची बिजागरी नवी दिसत होती. मी चाचांना म्हणालो, "खराब झालं हो."

"वापरात आहे," ते म्हणाले.

चाची मुलींची बोटं धरून एकेक भाग दाखवत होत्या. हे हवेचं तोंड, हे शेपूट, ही चाकं. चाचा कडेला खुर्चीवर, कमी पडेल तेवढंच बोलत. एका लहानशा, दोन वेण्या घातलेल्या मुलीनं झाकण उघडून आत बोट घातलं आणि विचारलं, "याच्यात बसल्यावर बाहेरचं दिसे का?"

"दिसे ना," चाचा म्हणाले. "पन ढगात शिरला का काही दिसत नसे. नाक समोर, तरी नाक दिसत नसे."

मुलीनं जरा विचार केला. "म्हणजे त्या टायमाले तो आमच्यासारखाच."

चाचांनी चष्मा काढून हातात धरला. मग ते उठले, टेबलापाशी आले आणि म्हणाले, "हो. तसाच."

"मग खाली कसा ये?"

"खालून एक जन त्याच्याशी रेडिओवर बोलत राहे. हा ऐके अन् तो सांगे तसं उतरे. उचल."

"मी उचलू?"

"उचल. दोन्ही हातानं. उभी राह्य."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी दारातून हात केला, चाचांनी मान हलवली, पण लक्ष तिच्याकडेच होतं. मुलगी पांढरं विमान डोक्याच्या वर धरून खोलीच्या मधोमध उभी होती. चाचा टेबलाच्या पलीकडच्या टोकाशी जाऊन थांबले, तिला हात न लावता, आणि अगदी शांत, सपाट आवाजात सांगायला लागले. थोडं डावीकडे. बस. आता सीधं ये. एक पाऊल. खाली घे, हळू. अजून हळू. नाक जरा वर. बाकीच्या मुलींनी बोलणं थांबवलं होतं. चाचींनी टेबलाच्या लाकडावर तळवा टेकवून ठेवला होता.

मी चप्पल पायात घालून उभा राहिलो. गाडी चुकली असती तरी चाललं असतं. मग आतून, कागदाची तीन चाकं लाकडाला लागल्याचा अगदी हलका आवाज आला.